वाळूतली गाजरं

साखरबाईच्या दारातून कुणी रिकाम्या हातानं परत गेलं, असं मोरगावजवळच्या त्या वस्तीवर कुणी सांगणार नाही. पीठ मागा, विळा मागा, शेळीचं दूध मागा, मिळणार. आणि मागितलं तेवढंच मिळणार नाही, त्याच्यासोबत आणखी काहीतरी येणार. ताक दिलं तर तांब्याच्या तोंडावर दोन हिरव्या मिरच्या. गोवऱ्या दिल्या तर पाटीच्या तळाशी मूठभर शेंगा. कुणाचं भांडं रिकामं परत करायचं नाही ही रीत सगळेच पाळतात, पण साखरबाईला त्या रीतीचं व्यसनच लागलं होतं. तिचा नवरा गेणू म्हणायचा, हिला कुणी काठी मागितली तर ही टोकाला फडकं बांधून दील.

पाणी मात्र मागू नका. पाण्याची गोष्ट निघाली की हीच बाई वेगळी व्हायची. आंघोळीचं पाणी मिरचीच्या रोपांना, भाजी धुतलेलं शेळ्यांना, भांडी विसळलेलं अंगणात शिंपडायला. विहिरीवर जाऊन हंडा आणायचा म्हणजे जाऊन-येऊन पाऊण तास, आणि ही खेप ती तीस वर्षं डोक्यावरून करत आलेली. ज्यानं पाणी डोक्यावरून वाहिलं नाही त्यानं तिला कंजूष म्हणावं, तिची काही हरकत नव्हती.

अशा घरात वैशाखात दिपाली सून म्हणून आली, तीही कुठून, तर भवानीनगरकडून, कालव्याच्या कडेवरून. दोन्ही घरची मागची पिढी मेंढरांमागं फिरलेली, पण दिपालीच्या आज्यानं वेळेवर मेंढरं विकून कालव्याखाली जमीन घेतली आणि दिपालीचा बाप दादासो ऊस आणि भाजीपाला करायला लागला. पोरगी वाढली ती मागच्या दारात खळाळतं पाणी बघत. कपडे धुवायला तिला कधी बादली लागली नव्हती.

लग्नाला महिना झाला असेल. दिपाली कपडे पिळत होती आणि तिनं दुसरी बादली ओतली. साखरबाई शेळ्या बांधत होती. तिच्या तोंडून निघून गेलं, "आगं ए, हितं कालवा न्हाय वाहत तुज्या बापाचा!"

बापाचा कशाला काढायचा? पण साखरबाईची जीभ एकदा सुटली की सुटली. दिपालीनं बादली खाली ठेवली, कपडे तसेच दोरीवर टाकले, आणि त्या दिवसापासून सासूशी तिचं बोलणं म्हणजे 'व्हय' आणि 'न्हाय' एवढंच उरलं. दिवाळीला आठ दिवसांसाठी माहेरी गेली ती दीड महिना आली नाही. राम, साखरबाईचा एकुलता एक, बारामतीच्या एमआयडीसीत दुधाच्या कारखान्यात कामाला. दोनदा मोटारसायकल घेऊन सासुरवाडीला गेला आणि दोनदा एकटाच परत आला. तिसऱ्यांदा निघताना आईसमोर उभा राहून म्हणाला, "आई, ह्या येळंला घिऊन येतो. पण पाण्यावरनं तिला परत एक शब्द जरी बोललीस, तर मी बारामतीत खोली घिईन. ती बी जाईल आन् मी बी जाईन."

साखरबाईनं कानाला खडा लावला. पोरगा आपलं बोलणं खरं करणारा आहे, हे तिच्याइतकं कुणाला माहीत नव्हतं. त्याच्या बरोबरीच्या दोघांनी बारामतीत खोल्या घेतल्याच होत्या, आणि त्यांच्या आया आता अंगणात बसून शेळ्यांशी बोलायच्या.

डिसेंबर सरता सरता दिपाली आली. मोटारसायकलवर मागं बसून, मांडीवर पाटीभर गाजरांचं पोतं धरून. लाल देशी गाजरं, मातीसकट, वर हिरवागार पाला. "आयनं दिलीत," ती पदर सावरत म्हणाली. "भोगीला व्हतील. शेजारीपाजारी सुगडात घालायला बी द्या म्हणली."

साखरबाईला फार बरं वाटलं. मोरगावात गाजर यायचं ते बाजारात चार दिवस फिरून, रबरासारखं मऊ होऊन. संक्रांतीच्या सुगडात बोरं, ऊस, हरभऱ्याचे घाटे सगळं मिळायचं, गाजराचा तुकडा मात्र कुणाच्या तरी उरल्यातून मागून आणावा लागायचा. पण भोगीला अजून सोळा-सतरा दिवस होते. तोवर ही टिकणार कशी, असं तिच्या ओठावर आलं होतं. ते तिनं गिळलं. बोलायला गेलं की कुठून कुठं जाईल याचा नेम नाही.

"ठिव तुला जमंल तशी," एवढंच म्हणाली आणि शेळ्या घेऊन माळावर गेली.

संध्याकाळी येऊन बघते तर पोतं रिकामं, घडी करून खुंटीला. पाला शेळ्यांच्या गव्हाणीत. गाजरं दिसली नाहीत. ती धरून चालली की सुनेनं आपल्या खोलीत ट्रंकेमागं कुठंतरी ठेवली असतील. सुनेच्या खोलीत डोकावणारी सासू ती नव्हती. तेवढा तिचा मोठेपणा होता, आणि तोच पुढं अंगाशी आला.

ही खोली राम आणि दिपालीसाठी लग्नाआधी बांधलेली. तिच्या बांधकामातली उरलेली वाळू घरामागं, न्हाणीच्या दगडाशेजारी, लिंबाच्या सावलीत पडून होती. असेल बैलगाडीच्या पाव हिश्शाइतकी. दुसऱ्या दिवशी सकाळी साखरबाई राख टाकायला मागं गेली, तर वाळूचा ढीग एका बाजूनं सारखा केलेला, त्यावर एक पोतेरं पसरलेलं, आणि दिपाली हातात भरला तांब्या घेऊन त्या पोतेऱ्यावर पाणी शिंपडते आहे. थोडं थोडं, देवाला घालावं तसं. पूर्ण तांब्या संपेपर्यंत.

वाळूला पाणी! आणि तेही हंड्यातलं, पिण्याचं! साखरबाईनं तोंड उघडलं, रामचा चेहरा आठवला, तोंड मिटलं. राख तिथंच टाकून ती आत आली.

तिला वाटलं, एखादा दिवस असेल. पण दुसऱ्या दिवशी तेच, तिसऱ्या दिवशी तेच. पोरगी उठायची, आंघोळ करायची, आणि ओल्या केसांनी वाळूला पाणी पाजायची. धूळ उडू नये म्हणून कालव्याकडचे लोक अंगणात सडा मारतात, पण इथं वाळूला सडा? साखरबाईनं पदराचं टोक दातात धरून चावलं. शेवटी तिनं गेणूजवळ तोंड उघडलं.

"आवो, ती वाळूला पाणी पाजतीया."

गेणू चिलीम भरत होता. "पाजू दे. वाळूला बी तहान लागत आसंल."

"चेष्टा सुचतीया तुमाला. तुमी बोला तिला."

"मी कशाला? मला न्हाय बारामतीला ऱ्हायला जायचं."

झालं. गेणूकडून असंच काहीतरी येणार हे माहीत असून आपण विचारायला गेलो, म्हणून ती आणखी चिडली. रोज सकाळी ती मुद्दाम दुसरीकडं तोंड करून बसायची, आणि तरी तांब्यातलं पाणी वाळूत मुरल्याचा आवाज तिच्या कानात बरोबर यायचा. सून आठवड्यात दोनदा धुणं धुते, तेही एका बादलीत. खरकट्या पाण्याचा थेंब वाया घालवत नाही. सगळं शिकली होती. मग हा तांब्या कशासाठी? मला डिवचायला? असं मनात आलं की साखरबाईला स्वतःचीच लाज वाटायची, आणि लाज वाटली तरी दुसऱ्या दिवशी तेच मनात यायचं.

भोगीच्या आदल्या दिवशी दुपारी देवानंच वाट दाखवली, असं तिला वाटलं. शेजारचे हिंदुराव दारात आले. मधे बाभळीच्या काट्यांचं कुंपण आणि वीस पावलं, एवढंच दोन घरांत अंतर. हिंदुराव शेळ्यांच्या गोठ्याची जमीन करत होते आणि त्यांना वाळू कमी पडली होती.

"चार घमेली मिळतील का, वैनी?"

साखरबाईच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. वाळूच नसेल तर पाणी कशावर घालशील? एक शब्द बोलायला नको, कुणाचा बाप काढायला नको, आणि शेजाऱ्याची नडही भागेल. आपल्या हुशारीवर ती खूश झाली.

"चार कशाला, सगळी न्या. चिमूट ठिवू नका."

दिपाली तेव्हा हरभऱ्याचे घाटे आणायला रानात गेलेली. गेणू माळावर. साखरबाई चुलीपुढं तीळ भाजत बसली, कारण तीळ भाजताना उठून चालत नाही. मागून फावड्याचा आवाज येत होता. पाच-सहा खेपा झाल्यावर हिंदुरावांची हाक आली, "वैनी, सगळं म्हंजी सगळं न्यायचं?"

"आवो, सगळं म्हंजी सगळं!" तिनं आतूनच उत्तर दिलं. माणूस एकदा दिलं म्हटल्यावर परत परत काय विचारतो?

दिवस कलायला दिपाली आली. ओटीत घाटे, पाय धुळीनं पांढरे. साखरबाईचं मन कधी नव्हे इतकं हलकं होतं. पंधरा दिवसांचं ओझं उतरलं होतं. सुनेशी आपण होऊन बोलावं असं तिला वाटलं आणि ती बोललीही. "दिपाली, उद्याच्या भाजीची तयारी करून ठिवू. गाजरं काढ बाई भाईर."

दिपाली चक्क हसली. खूप दिवसांनी. कोपऱ्यातली पाटी उचलून ती घराला वळसा घालून मागं गेली. साखरबाईला वाटलं, ही खोलीत का गेली नाही? मागं काय आहे? आणि मग हातातला तिळाचा डबा तिनं खाली ठेवला.

ती मागं गेली तेव्हा दिपाली न्हाणीच्या दगडाजवळ उभी होती. वाळूच्या जागी एक गोल ओला डाग होता, त्याच्या कडेला पोतेरं घडी करून ठेवलेलं. हिंदुराव माणूस व्यवस्थित.

"आत्या, वाळू कुठाय?"

"हिंदुरावाला दिली. गोठ्याला."

"आन् त्यातली गाजरं?"

साखरबाई वाकून तो ओला डाग हातानं उकरायला लागली. दिपालीनंच सांगितलं, आवाज न चढवता, पाटीकडं बघत. पाला बोटभर वर कापायचा. गाजर धुवायचं नाही, मातीसकटच ठेवायचं. खाली वाळू, मग गाजरांचा थर, एकमेकाला न लागता, मग परत वाळू. वरून पोतेरं, आणि रोज एक तांब्या पाणी. "आय तसंच करती. महिना महिना टिकत्यात. काढली की जशी उपटून आणल्यावानी."

"तू मला सांगितलं न्हाईस."

"तुमी म्हणला, ठिव तुला जमंल तशी."

बरोबर होतं. असंच म्हणाली होती. साखरबाईनं काहीतरी बोलायला तोंड उघडलं, तर दिपाली म्हणाली, "ऱ्हाऊ द्या, आत्या." रडली नाही, रागावली नाही. रिकामी पाटी जागेवर ठेवली आणि आपल्या खोलीत गेली. थोड्या वेळानं ट्रंकेचं झाकण उघडल्याचा आवाज आला.

उद्या दादासो पहिल्या संक्रांतीचं वाण घेऊन येणार होता. दिपालीनं रामला आधीच सांगून ठेवलं होतं, संक्रांत झाली की बापासंगं जाऊन येते. दिवाळीचं 'जाऊन येते' दीड महिन्याचं झालं होतं. ह्या वेळचं किती दिवसांचं होईल? आणि माहेरची आई विचारणार, गाजरं कशी झाली गं? पोरगी काय सांगणार, सासूनं वाळूसकट वाटून टाकली?

साखरबाईनं डोक्यावर पदर घेतला आणि कुंपणाकडं निघाली.

रंगूबाई, हिंदुरावांची बायको, ओसरीवर सूप घेऊन बसली होती. सुपात गाजरं होती, लालबुंद, धुऊन पुसून लावलेली. साखरबाईचा जीव भांड्यात पडला. आहेत. शेळ्यांनी खाल्ली नाहीत, फावड्यानं तुटली नाहीत, आहेत. ती मट्कन ओसरीवर बसली.

"आलीस व्हय? मीच येनार हुते," रंगूबाई म्हणाली, आणि तिच्या डोळ्यांत पाणी दिसलं. "साखरे, तुला काय म्हनू गं मी? औंदा माज्या घरात सुगडात घालायला गाजराचं नख बी न्हवतं. येवढी वाळू दिलीस ती दिलीस, वर त्यात गाजरं दडवून पाठवलीस. हे म्हनले, वैनीला इचारलं, सगळं न्यायचं का, तर म्हनल्या सगळं म्हंजी सगळं. मी म्हनलं, तिची रीतच हाय ती. रिकामं कायबी द्यायची न्हाय."

हिंदुराव गोठ्यातून म्हणाले, "दोन तर म्या तितंच खाल्ली, वैनी. वाळू झटकून. काय गोडी हाय!"

आता बोला. तीस वर्षांच्या दातृत्वानं साखरबाईला असं पकडलं होतं की हलता येईना. दिलेली वस्तू परत मागणं तिच्या बापजन्मात नव्हतं. कुणी तसं केलेलं ऐकलं तर ती आठ दिवस नावं ठेवायची. रंगूबाईनं चहा आणला, तिनं प्यायला. थंडी औंदा जास्त आहे, म्हणाली. घाटे चांगले भरलेत, म्हणाली. रंगूबाईनं आणखी अर्धा कप ओतला, तोही प्यायला. मग उठली, "बरं, येते," म्हणाली, आणि कुंपणाच्या फटीपर्यंत गेली.

तिथून तिला आपल्या घरामागचा ओला डाग दिसला. त्यापलीकडं खोलीची बंद खिडकी.

ती परत फिरली.

"रंगू," ती ओसरीखाली उभी राहूनच म्हणाली, "ती गाजरं म्या दिली न्हाईत. ती माजी न्हवतीच द्यायला. माज्या सुनंनं वाळूत जपून ठिवली हुती आन् मला ठावं न्हवतं. दिलेलं परत मागायची येळ माज्यावर कदी आली न्हाय. आज आलीया. मला ती पायजेत, रंगू. न्हाय मिळाली तर माजी पोरगी जाईल."

रंगूबाई तिच्याकडं बघत राहिली. मग तिचे खांदे हलायला लागले. साखरबाईला वाटलं ही रडतेय, पण ती हसत होती. हसता हसता ठसका लागला तेव्हा हिंदुरावांनी येऊन पाठीत धपाटा घातला.

"आगं मग आल्या आल्या बोलायचं न्हाय व्हय? दीड कप च्या ढोसलीस आन् थंडीच्या गोष्टी करत बसलीस! म्या म्हनलं, हिला झालंय काय, तोंड असं का केलंय." तिनं सगळं सूप पाटीत ओतलं. "घे. घिऊन जा. तुजी पोरगी म्हंजी माजी न्हवं का?"

साखरबाईनं त्यातली चांगली मूठभर काढून ओसरीवर ठेवली. "ही सुगडाची. ही म्या देतीया. सुनंला इचारून सांगीन, पर देतीया."

रंगूबाईनं पाटी क्षणभर हातात धरली, आत गेली आणि गाजरांवर ओंजळभर बोरं टाकून बाहेर आली. रिकामी नसली तरी पाटी नुसती कशी पाठवायची!

घरी चुलीपुढं दिपाली बसली होती. भाकरीचं पीठ मळत होती, डोळे लाल होते, आता धुराचं निमित्त होतं. साखरबाईनं पाटी तिच्यापुढं ठेवली.

"दोन हिंदुरावानं खाल्ली. मूठभर रंगूला सुगडाला दिली, तुज्या आईनंच सांगितलं हुतं म्हणून. बाकी सगळी हायत. मोजून घे पायजे तर."

दिपालीनं पाटीत हात घातला. एक गाजर काढलं, दोन्ही हातांनी मोडलं. कट्ट आवाज झाला. "ताजी हायत," ती स्वतःशीच म्हणाली.

साखरबाई भिंतीला टेकून बसली. एकदा बोलायला लागल्यावर आता अर्ध्यात थांबण्यात अर्थ नव्हता. "आन् ऐक. हिंदुराव मागायला आला हे खरं. पर चार घमेलीच मागितली हुती. सगळी म्याच दिली. तू रोज तिच्यावर पाणी घालत हुतीस, ते मला बघवत न्हवतं. म्हणलं, वाळूच गेली की पाणी वाचंल."

दिपालीचा हात पिठात तसाच राहिला. "म्हंजी इतकं दिस तुमी नुसतं बघत हुता?"

"व्हय."

"आन् कायबी बोलला न्हाईत?"

"बोलले आसते तर तू गेली आसतीस. म्हणून तोंड शिवून बसले."

चुलीतलं लाकूड खाली बसलं. दिपालीनं ते आत सारलं. मग म्हणाली, "आत्या, तुमी बोलत न्हवता म्हणून मला वाटलं, ह्यांना मी नकोच हाय. आल्यापास्नं माज्याकडं बघून तुमी तोंड फिरवायचा. म्हणून म्हणत हुते, तात्यासंगं म्हायेरी जावं. हितं ऱ्हाऊन कुणाला काय?" ती थांबली. "आन् ते पाणी हंड्यातलं जादा न्हवतं. माज्या आंघुळीतलं हुतं. आंघुळीला घेतलेल्यातनं आधी एक तांब्या काढून ठिवत हुते."

साखरबाईला वाटलं, कुणीतरी आपल्या तोंडात मारलं असतं तर बरं झालं असतं. थंडीत पोरगी एक तांब्या कमी पाण्यानं आंघोळ करत होती, आणि आपण पलीकडं तोंड करून थेंबाथेंबाचा राग राग करत होतो. ती उठली, दिपालीजवळ जाऊन बसली आणि पिठाचे हात तसेच आपल्या हातात घेतले.

"माजं चुकलं. बापाचं काढलं तवाबी चुकलं आन् गप बसले तवाबी चुकलं. हितनं फुडं बोलत जाईन. वाईट वाटलं तर तूबी बोल."

दिपाली खाली बघत होती. मग तिला हसू फुटलं. "तुमी वाळू देऊन टाकली, आत्या! पाण्यापायी!" आणि ती हसतच सुटली. साखरबाईही हसली, हसताना तिचे डोळे वाहायला लागले. गेणू शेळ्या घेऊन दारात आला, दोघींकडं पाहून क्षणभर थबकला आणि काही न विचारता शेळ्या बांधायला गेला. तो शहाणा होता.

रात्री जेवताना रामच्या ताटात दिपालीनं गाजराच्या चार फोडी ठेवल्या. रामनं आईकडं पाहिलं, बायकोकडं पाहिलं. "काय झालंय?" म्हणाला. "जेव गप," दोघी एकदम म्हणाल्या.

भोगीच्या दिवशी पहाटेपासून घर दरवळत होतं. बाजरीच्या भाकरीला तीळ लावायचं काम साखरबाईचं, भाजी दिपालीची. साखरबाईनं आपण होऊन पळी तिच्या हातात दिली होती. वांगी, घेवडा, हरभऱ्याचे कोवळे सोले, भिजवलेले शेंगदाणे, रंगूबाईची बोरं, आणि सगळ्यात शेवटी गाजराचे जाड जाड तुकडे. "आधी घातली तर गळून जात्यात," दिपाली म्हणाली. "दाताखाली आली पायजेत." वरून तिळाचं कूट. दोन गाजरं तिनं चुलीच्या आरात खुपसून ठेवली होती. ती बाहेर काढली, राख झटकली, साल ओढली आणि मीठ लावून एक सासऱ्याला दिलं, एक सासूला. गेणूनं खाल्लं, बोटं चाटली आणि म्हणाला, "येवढ्या वर्षात गाजर म्हंजी शेळ्यांचंच खाणं समजत हुतो मी. शेळ्या शहाण्या निघाल्या."

साखरबाईनं चावा घेतला. गोड होतं, गरम होतं, आणि आत कुठंतरी ओल्या वाळूचा वास राहिला होता. तिनं सगळं खाल्लं आणि देठही टाकला नाही.

दादासो अकराच्या एसटीनं आला. खांद्यावर ऊस, हातात वाणाची पिशवी. त्यानं भाकरीवर लोण्याचा गोळा घेतला, भाजी दोनदा मागून घेतली, आणि दुसऱ्यांदा घेताना थांबला. "ईहीणबाई, ही आमच्याच रानातली गाजरं?"

"तुमचीच, पाव्हणं."

"अजून अशी कडक?"

"तुमच्या लेकीनं ठिवलीत," साखरबाई म्हणाली. "वाळूत. मला न्हवतं येत. औंदा शिकले."

जेवण झाल्यावर दादासो अंगणात पान लावत बसला. मग अडखळत म्हणाला, "पोरी, उद्या ववसून झालं की दुपारची गाडी हाय. आवरून ठिव. चार-आठ दिस येतीस न्हवं?"

साखरबाई भांडी घासत होती. तिचा हात थांबला. मागं न बघता ती ऐकत राहिली. काल सगळं बोलून झालं होतं, हसूनही झालं होतं, पण माहेर ते माहेर. गेली तर जावो, असं तिनं मनाला सांगितलं. अडवायचं नाही.

"ह्या खेपंला नको, तात्या," दिपाली म्हणाली. "तुमी असं करा, परत याल तवा गाजराचं बी घिऊन या, मूठभर. न्हाणीचं पाणी मिरच्यांना जाऊन बी उरतं. त्याच्या कडंला एक वाफा व्हतोय. श्रावण सरला की टाकते."

साखरबाई रानातली बाई. तिचं मन आपोआप चालायला लागलं. श्रावण सरता पेरलं तर कोवळी गाजरं दिवाळीला, आणि चांगली भरलेली यायला मार्गशीर्ष उजाडणार. मग ती वाळूत ठेवायची आणि काढायची पुढच्या भोगीला. म्हणजे अख्खं वर्ष. तिनं तेच भांडं परत घासायला घेतलं, ते आधीच लख्ख झालं होतं.

दादासोनं पान तोंडात टाकलं. "आणतो की," म्हणाला.

दुसऱ्या दिवशी दोघी सुगडं घेऊन देवळात ववसून आल्या. रंगूबाई वाटेत भेटेल त्या प्रत्येकीला गाजरांची गोष्ट सांगत होती, आणि प्रत्येक वेळी साखरबाईनं प्यायलेला चहा अर्ध्या कपानं वाढत होता. साखरबाईनं तिला अडवलं नाही. दादासो दुपारच्या गाडीनं एकटाच गेला.

हिंदुरावांनी गोठ्यात उरलेली तीन घमेली वाळू आपण होऊन परत आणून टाकली होती. दिपालीनं उरलेली गाजरं तिच्यात नीट लावली, वर पोतेरं घातलं. धुतल्यामुळं आता ती आठच दिवस टिकतील म्हणाली, पण तेवढेही पुष्कळ झाले.

त्याच्या पुढच्या सकाळी दिपाली आंघोळीला बसायच्या आधीच साखरबाई उठली. हंड्यातून तिनं तांब्या भरून घेतला, काठोकाठ, पिण्याचा. घरामागं गेली आणि पोतेऱ्यावर शिंपडायला लागली, थोडं थोडं, सून करायची तसं. तांब्या रिकामा झाला. पाणी वाळूत मुरल्याचा तो आवाज तिनं नीट उभं राहून ऐकला. मग इकडं तिकडं पाहिलं, गेणू अजून झोपलेला होता, आणि आत जाऊन आणखी अर्धा तांब्या घेऊन आली.